शिशाची नटवी

वडगावात कुणाचं मूल रडतंय हे आम्हाला सहसा ऐकूच येत नसे. उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत घराघरात माग चालत, आणि त्या खटाखटीत मूल रडो, सासूसुना भांडोत, नाहीतर दारात कुणी हाका मारो, सगळं सारखंच. आम्ही बोलायचोही ओरडूनच. आज मी फोनवर बोलायला लागले की नातसून आतून म्हणते, "आजी, फोन ठेवलात तरी त्यांना ऐकू जाईल." ती खोड तिथली. पण युद्धाच्या दिवसांत सूत मिळेनासं झालं. आधी गल्लीच्या टोकाचे माग थांबले, मग शेजारचे, आणि एका सकाळी आमचाही थांबला. त्या दिवशी पहिल्यांदा मला माझ्या भाच्याचं रडणं नीट ऐकू आलं. ते धड रडणंही नव्हतं. मांजराचं पिल्लू कुठंतरी अडकून पडावं तसं बारीक, कोरडं, थांबून थांबून येणारं ते कण्हणं होतं, आणि घरात दुसरा आवाजच नसल्यामुळे ते चुलीपाशी, परड्यात, विहिरीवर, जाईन तिथं ऐकू यायचं.

आमचा माग सोप्यात होता, खड्ड्यातला. विणायचं काही नसलं तरी आप्पा, म्हणजे माझे वडील, सकाळी आंघोळ करून खड्ड्यात पाय सोडून बसत आणि धोट्यावरून फडकं फिरवत राहत. मागावर एक साडी अर्धी विणून थांबली होती. अंग सुताचं आणि काठ लालभडक रेशमाचा. ताणा, म्हणजे उभे धागे, पुरा चढलेला, पण बाण्याला, आडव्या धाग्याला, सूत नव्हतं. साडी व्यापाऱ्याची होती. सूत आलं की पुरी करा, तोवर हात लावू नका, असं त्यानं सांगून ठेवलं होतं. त्यानं सांगितलं नसतं तरी कुणी हात लावला नसता. चढलेला ताणा मधेच कापला तर माग घर सोडून जातो, असं आमच्यात मानत. आई दर शुक्रवारी त्या मुक्या मागाला हळदकुंकू वाहायची आणि मग आत येऊन रेशनच्या काळपट ज्वारीची आंबील ढवळायची. त्या ज्वारीला गोणपाटाचा वास यायचा. लसणाचं तिखट तोंडी लावलं की वास मरायचा, पण पोट भरायचं नाही. आई सगळ्यांना वाढून झाल्यावर म्हणायची, "माझं मगाशीच झालं." आम्ही तिच्यावर विश्वास ठेवायचो, कारण ठेवला नसता तर आमच्या ताटलीतलं तिला द्यावं लागलं असतं.

वहिनी निपाणीची. तिचा बाप तंबाखूच्या वखारीत कामाला, आणि ती स्वतः लग्नाआधी विड्या वळायची. आमच्याकडे आल्यावरही कितीतरी दिवस तिच्या बोटांना तंबाखूचा वास होता. मला तो आवडायचा. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिची आई नव्हती, म्हणून मूल आमच्याकडेच झालं. मुलगा झाला म्हणून अण्णा, माझा मोठा भाऊ, गल्लीभर गूळ वाटून आला. पहिल्या काही दिवसांतच कळलं की वहिनीला दूध नाही. आईनं मेथ्या दिल्या, शेपा दिल्या, कुणाकडनं तरी खोबऱ्याची वाटी आणली. शेजारच्या काशीनं आठवडाभर आपल्या पोरीबरोबर त्यालाही पाजलं, मग तिच्या घरचे कुरकुरायला लागले. कुरकुरणारच. त्यांच्या घरी तरी काय होतं? शेळीचं दूध पाण्यात घालून दिलं तर तो ओकायचा. बारसं आईनं पुढं ढकललं. अंगावर जरा मांस दिसू दे, मग नाव ठेवू, म्हणाली. सगळे त्याला नुसतं 'त्यो' म्हणत.

गौराक्का सुईण रोज सकाळी यायची. ती वहिनीला दाबून बघायची आणि कानडीत ओरडायची, "हालु इल्ला!" दूध नाही, हे आम्हाला तिनं सांगायला नको होतं. एक दिवस मात्र ती आईला बाजूला घेऊन मराठीत बोलली. "हिच्या अंगात रगतच न्हाई तर दूद कुटनं यील? हिला मरळ घाला. मरळीचा रस्सा दोन-तीन डाव पोटात गेला तर पान्हा फुटंल. न्हाईतर ह्यो पोरगा काय राहत न्हाई बघा." ती हे इतक्या सहज बोलली की मला तिचा राग आला. आत वहिनीला सगळं ऐकू गेलं होतं.

मरळ म्हणजे सापासारख्या तोंडाचा, काळा, दमदार मासा. आजाऱ्याला आणि बाळंतिणीला तो चांगला असं तिकडं सगळेच मानत. बाजारात मिळाला असता तर आईनं कानातलं मोडून आणला असता. पण भोई लोकांनी धरलेली मरळ बाजारात पोचायच्या आधीच लष्कराच्या कॅम्पातल्या गोऱ्यांच्या खानसाम्यांच्या पिशवीत जायची. मग धरायची कशी? बेडकी टोचून गळ टाकला की मरळ येते हे अण्णाला ठाऊक होतं. आईनं ते ऐकलं मात्र, आणि चुलीपुढनं उठून बाहेर आली. "घरात बाळंतीण हाय. जिता जीव टोचायचा न्हाई. आपल्यात चालत न्हाई." अण्णा म्हणाला, "आन मासा काय मेलेला असतोय व्हय?" "मासा खायाला हाय. बेडकी तडफडत टांगायची न्हाई. पोराला भोगावं लागतंय." पुढं कुणाची बोलायची टाप नव्हती.

अण्णाला मग सायबाच्या गळाची आठवण झाली. आदल्या साली कंग्राळीच्या खाली नदीच्या डोहात पोहताना त्याला बाभळीच्या मुळात अडकलेला एक गळ सापडला होता, कॅम्पातल्या कुणा गोऱ्याचा तुटून राहिलेला. त्याला आमिष लावायला जागाच नव्हती. गळाच्या दांडीवर शिशाचं डोकं, मागं पिसांचा झुपका, मधे चमकणारी तार. अण्णानं तो दिवळीत ठेवला होता आणि मी त्याला नटवी म्हणायची, कारण एवढं नटून ते करत काहीच नव्हतं. आता त्यानं तो काढला. दुसऱ्याच दिवशी डोहातल्या बुडालेल्या झाडात अडकून तो गळ तुटून गेला. अण्णा रिकाम्या हातानं परत आला आणि ओट्यावर डोकं धरून बसला. आप्पा खड्ड्यातनं म्हणाले, "विलायतेत काय सोन्याच्या हातानं बांदत्यात व्हय रं? आपन बांदू की."

माझ्या नातवाच्या मित्राकडे हल्ली असलाच एक गळ आहे, प्लॅस्टिकचा, डोळे रंगवलेला. त्यानं मोठ्या कौतुकानं मला दाखवला. मी म्हटलं, बाळ, आम्ही हे घरी करत होतो. तो हसला. हसू दे. गोणी शिवायचा दाभण निखाऱ्यात लाल करून अण्णानं वाकवला आणि कानशीनं त्याचं टोक काढलं. मागाला लोंबणारी शिशाची बारीक वजनं होती, त्यातलं एक चेचून त्यानं दांडीवर बसवलं. शेजारच्या कोंबड्याच्या शेपटाची पिसं मी पळवली, तो कोंबडा मला बघून महिनाभर भिंतीवर चढत असे. जरीचे तुटके तुकडे आईच्या डब्यात निघाले. बांधायचं काम माझ्याकडे आलं, कारण लहानपणापासून कांड्या भरून माझी बोटं बारीक दोऱ्याला सरावलेली. दोरा म्हणून आप्पांनी जुन्या ताण्याचं उरलेलं सूत दिलं. मी दाभणाच्या दांडीवर शिसं, पिसं आणि जरीचे तुकडे धरून ते सूत दातात ताणून ताणून गुंडाळलं आणि शेवटी टोक ओल्या बोटानं दाबलं, जसं आम्ही नेहमी दाबतो. ते जागच्या जागी चिकटून बसलं. आप्पांनी नखानं टोचून पाहिलं आणि म्हणाले, "झ्याक." त्या दिवसांत त्यांच्या तोंडून एवढं कौतुक निघणं म्हणजे फारच झालं.

आम्ही दोघं पहाटे निघालो. शहापूर ओलांडून, शहरातनं, कंग्राळीच्या शेतांतनं मार्कंडेय नदीपर्यंत चालत. उन्हाळ्यात नदी वाहायची थांबते, नुसते डोह राहतात. अण्णानं बांबूच्या काठीला सणाचा दोरा बांधला होता. कडेच्या लव्हाळ्याला लागून तो नटवी पाण्यात सोडायचा, तळाला टेकली की काठी जरा उचलायचा, पुन्हा सोडायचा. पाण्यात ती खरंच नाचायची. मी पोटावर पालथी पडून बघत होते आणि भूक विसरले होते. ऊन चढलं तेव्हा लव्हाळ्यातनं एक काळं तोंड आलं आणि काठी वाकली. अण्णा ओरडला, "आली गं शेवू, आली!" मरळ अर्धी पाण्याबाहेर आली, मला तिचं पांढुरकं पोट दिसलं, आणि मग दोरा सैल पडला. काही नाही. अण्णानं नटवी ओढून हातात घेतली. सूत फुगून पिंजारलं होतं, पिसं गळाली होती, शिसं घसरून नेमकं गळाच्या टोकावर येऊन बसलं होतं. टोक झाकलेलं, मग मासा अडकणार कसा? अण्णानं तो दोरा जिभेला लावला. "खळ," तो म्हणाला. "खळीचं सूत हाय हे."

तुम्हाला सांगते, अशी चूक विणकराच्या घरातच व्हावी. ताणा मागावर चढवायच्या आधी सुताला तांदळाची खळ लावतात, त्यानं सूत कडक होतं, तुटत नाही. आमच्या घरातलं प्रत्येक सूत खळ प्यालेलं. आमच्या हातांना दुसरं सूत ठाऊकच नव्हतं. टोक दाबलं की चिकटतं, गाठ मारावी लागत नाही, याचा आम्हाला केवढा अभिमान! आणि ती खळ पाण्यात विरघळते हे आम्हा तिघांपैकी एकालाही सुचू नये? दर साडी पहिल्या धुण्यात मऊ पडते हे सगळ्या गावाला सांगत फिरणारी माणसं आम्ही.  येताना अण्णा एका शेताच्या बांधावर बसला आणि मोठमोठ्यानं रडला. मी त्याला त्याआधी रडताना कधी पाहिलं नव्हतं. मला इतकी भीती वाटली की मी त्याच्या पाठीवर हातसुद्धा ठेवला नाही.

घरी आलो तेव्हा ओट्यावर गौराक्का बसली होती आणि घर गप्प होतं. भाचा रडायचा थांबला होता. झोपलेला नव्हता, डोळे उघडे होते, पण रडायला लागणारं बळच संपलं होतं. वहिनी त्याला मांडीवर घेऊन भिंतीला टेकली होती. तिनं अण्णाच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि मान वळवली. आप्पांनी मला काय झालं ते विचारलं. मी सांगितलं. खळीचं नाव घेतल्यावर त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "शेवू, कातर आन."

"कशाला?" आई आतनं म्हणाली.

"बिनखळीचा, चिवट दोरा लागतोय. खळ धुतली तर सूत तुटतंय. काठाचं रेशीम तेवडं बिनखळीचं हाय."

आई धावत बाहेर आली. "अवं, चढलेला ताणा हाय त्यो! आन साडी दुसऱ्याची. याड लागलंय का तुमास्नी? माग जाईल घरातनं."

"जाऊ दे गेला तर," आप्पा म्हणाले. "त्यो रडायचा थांबलाय, ऐकू येतंय का तुला?"

आई तिथंच खाली बसली. मी कातर दिली.  काठाचे लाल धागे ताणलेले होते, कातर लागली की एकेक धागा टणकन मागं उडे. त्यांनी पुरेसे कापले आणि थांबले नाहीत, एका बाजूचा सगळा काठ कापला. अर्धी साडी तिरकी होऊन लोंबायला लागली. व्यापाऱ्याचं काय करायचं ते माझं मी बघतो, म्हणाले, आणि पुढं त्यांनी ते बघितलंही, पण ती कटकट इथं लिहायची नाही मला. तो माग पुढं खरंच गेला. सूत मिळत नव्हतं म्हणून वडगावातले कितीतरी गेले, तसाच. आईला हे कधीच पटलं नाही, मरेपर्यंत ती त्या कातरीला दोष देत राहिली.

त्याच बैठकीत मी नवी नटवी बांधली. रेशमाला गाठ लागते, दाबून भागत नाही. मी वेढ्यावेढ्याला गाठ मारली, वाटीतल्या पाण्यात बुडवून ठेवली, काढली, ओढली. हलली नाही. पुन्हा बुडवली. दोन बांधल्या आणि तंबाखूच्या पत्र्याच्या डबीत ठेवल्या. शेजारी वहिनी बसून बघत होती. ती एवढंच म्हणाली, "घट बांद गं, शेवू." अजूनही कधी सुईत दोरा ओवताना ते शब्द माझ्या कानात येतात आणि मी जरुरीपेक्षा जास्त गाठी मारते.

दुसऱ्या दिवशी डोहावर कंग्राळीचे एक म्हातारे शेतकरी म्हशींना पाणी पाजत होते. पलीकडच्या अंगाला, उथळ पाण्यावर, एक केशरी डाग सरकताना दिसला. पाणी तेवढ्याच जागी खदखदत होतं. ती मरळीची पिलं होती, बोटाच्या पेराएवढी, एकमेकांना चिकटून चाललेली. आणि त्यांच्या खाली दोन काळ्या सावल्या. मरळ पिलांवर असताना काही खात नाही म्हणतात, पण पिलांत कुणी घुसलं तर ते तोडल्याशिवाय राहत नाही. अण्णानं काठी घेतली तसे म्हातारे हात हलवत आले. "पोरा, पिलावरच्या हैत त्या. त्यास्नी हात लावत न्हाईत आमच्यात."

"आमच्या घरात बी पिलू हाय, मामा," अण्णा म्हणाला.

म्हातारे म्हशी हाकत निघून गेले. अण्णानं नटवी त्या केशरी डागाच्या मधोमध टाकली. पिलं फुटली, आणि खालची एक सावली वर आली. भूक नव्हती ती, राग होता. तिनं अशी झडप घातली की काठी कडकडली. रेशीम सुटलं नाही. शिसं हललं नाही. अण्णा गुडघाभर पाण्यात गेला आणि तिला कवेत घेऊनच वर आला. मी तिच्या डोक्यात दगड घातला. मला वाईट वाटलं का? वाटलं असेल. पण मला आठवतो तो आनंद. मी चिखलात नाचत होते. मागं पिलं पुन्हा गोळा झाली होती आणि त्यांच्याखाली एकच सावली फिरत होती.

आईनं परड्यात चूल मांडली. मागच्या घरचे माळकरी, मासा न खाणारे, म्हणून गोवऱ्यांवर मूठभर ऊद टाकला. त्यानं वास लपला नाहीच, उलट गल्लीभर देवाच्या आरतीत मासा शिजल्यासारखं झालं. रस्सा काळ्या मिऱ्यांचा, पातळ, वर तेलाचे थेंब. वहिनीनं पहिला घोट घेतला आणि अण्णाला राहवलं नाही, त्यानं तिला पिलांचं सांगून टाकलं. असा भाबडा माणूस! ती वाडगा खाली ठेवून रडायला लागली. "पिलं लहान हुती का?" तिनं विचारलं. "दोन असत्यात राखनीला," अण्णा घाईनं म्हणाला, "एक हाय अजून. ती बघती त्यास्नी." आईनं वाडगा उचलून पुन्हा वहिनीच्या हातात दिला आणि तिच्यासमोर मांडी घालून बसली, पार संपेपर्यंत उठली नाही.

पुढल्या दिवशी दुपारी गौराक्कानं वहिनीला दाबून पाहिलं आणि काही ओरडली नाही. कापसाची वात करून तिनं दोन थेंब टिपले आणि मुलाच्या ओठांत पिळले. आम्ही सगळे वाकून बघत होतो. बराच वेळ काही झालं नाही. मग त्याचा गळा हलला. गौराक्कानं पुन्हा वात भिजवली, पुन्हा गळा हलला. संध्याकाळपर्यंत तो ओढायला लागला, आणि मिळेना तेव्हा रडला. चांगला मोठ्यानं रडला. आप्पा खड्ड्यातनं उठून आत आले आणि दाराला धरून उभे राहिले.

पण रस्सा संपला होता, आणि सकाळी दूध पुन्हा आटल्यासारखं झालं. मूल तोंड मारायचं, सोडायचं, लाल होऊन ओरडायचं. अण्णा उंबऱ्यावर बसून होता. काठी भिंतीला होती, पण तो तिच्याकडे बघत नव्हता. तो आईला हळूच म्हणाला, "आज पलीकडं बेळगुंदीच्या तळ्यावर बगतो. त्या डोहावर नगं वाटतंय." तळ्यावर मरळ असेल की नसेल, मिळायला किती दिवस जातील, कुणास ठाऊक. 

वहिनी मुलाला थोपटत होती. तिनं मान वर केली नाही.

"दोन असत्यात म्हनलासा न्हवं?" ती म्हणाली.

"व्हय."

"मग दुसरी तितंच आसंल. ती बी आना."

 तिचं थोपटणं थांबलं नाही.

"पिलं सोडून कुटं जातीया ती," ती म्हणाली.

अण्णानं काठी उचलली. मी नटव्यांची डबी घेतली आणि त्याच्या मागनं निघाले.